दहा गोळ्या आणि चौदा घरं

नंदू, चित्रा, तुमच्या शाळेची सहल तळ्याकाठी गेली, तुम्ही तंबूत झोपलात आणि पहाटे तंबूत पाणी शिरलं, हे सगळं वाचलं. चित्राने 'तंबू'मधला बू ऱ्हस्व लिहिला आहे, तेवढा दुरुस्त करावा. आता तुमच्या आजीच्या सहलीचं ऐका. दसरा झाल्यावर मी तेरा दिवस शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हिंडले आणि लोकांचं रक्त गोळा करून आले.

तुमचा शरदकाका, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मलेरियावर काम करतो. मलेरियाचा जंतू डासाच्या सोंडेतून आपल्या रक्तात येतो आणि तांबड्या पेशीत शिरून आतून तिलाच खातो. त्यावर हल्ली क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या देतात. त्या जंतूला नेमक्या कुठे मारतात हे अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही. शरदला वाटतं, त्या जंतूच्या पोटावर मारतात. खाल्लेलं पचूच देत नाहीत. पण दूरच्या एक-दोन देशांत या गोळ्यांनी ताप जाईनासा झाला आहे, असं वाचल्यापासून शरदला चैन पडत नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, जरासंधासारखं आहे हे. भीमाने कितीदा चिरला तरी तो सांधला जायचा. कृष्णाने गवताची काडी चिरून तुकडे उलटसुलट फेकून दाखवले, तेव्हा कुठे मर्म कळलं. पोटावरचा मार चालेनासा झाला, तर या जंतूचं दुसरं मर्म कुठे आहे? मला ती काडी शोधायची आहे."

टोकावड्याच्या वर डोंगरात एक ठाकूरवाडी आहे. तिथल्या सोमी नावाच्या मुलीला शरदने पावसाळ्यात दोनदा गोळ्या दिल्या होत्या, आणि दोन्ही वेळा ताप परत आला होता. तिच्या रक्तातला जंतू गोळ्यांना दाद देत नाही, असा शरदला संशय होता. खरं सांगायचं तर संशयापेक्षा ती आशाच जास्त होती. तसं निघालं असतं तर आपल्याकडची ती पहिलीच नोंद ठरली असती.

त्याचा मदतनीस ऐनवेळी काविळीने आडवा झाला. सुवाच्य अक्षरात आकडे लिहिणारं आणि वेळेवर जेवायला घालणारं कोणीतरी हवं होतं. एकसष्टाव्या वर्षी या दोन्ही गोष्टी मला येतात.

गुरुवार, किन्हवली

आसनगावला गाडीतून उतरलो, शहापूरला चहा घेतला आणि दुपारपर्यंत किन्हवली गाठली. इथे कोणाकोणाच्या रक्तात जंतू आहे ते शरदला आधी पाहायचं होतं. शाळेच्या ओसरीवर तो लोकांच्या बोटाला सुई टोचायचा, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि पट्टी माझ्याकडे द्यायचा. मी तिला कागद चिकटवून 'कि १', 'कि २' असं लिहायची आणि ट्रेमध्ये वाळत ठेवायची. ट्रे भरला तेव्हा तो इतका नीटनेटका दिसत होता की मी शाळेच्या मास्तरांना मुद्दाम बोलावून दाखवला.

शुक्रवार, पुन्हा किन्हवली

सकाळी उठून पाहते तो काचा लख्ख. तव्यावरून धिरडं उतरावं तसं सगळं रक्त उतरलं होतं. मुंग्यांची एक रांग ट्रेपासून निघून खिडकीतून बाहेर जात होती, तीही अगदी शिस्तीत. माझी लेबलं मात्र शाबूत होती. मुंग्यांना खळ आवडत नसावी.

शरद रागावला आणि काचा पुसायला बसला. मी मास्तरांच्या घरून चार वाट्या आणल्या, त्यांत पाणी भरलं आणि ट्रे ठेवायच्या स्टुलाचा एकेक पाय एकेका वाटीत ठेवला. आपल्या जाळीच्या कपाटाचे पाय मी पाण्यात ठेवते, तसंच. ही गोष्ट मला काल सुचायला हवी होती. तुपाला जेवढं जपलं, तेवढं रक्ताला जपलं नाही.

मग त्याच लोकांना पुन्हा बोलवावं लागलं. ते आले, पण सगळ्या गावाला बातमी कळली होती. एका म्हाताऱ्याने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे पाहत विचारलं, "काल मुंग्यांना पुरला नाय का, बाय?" त्याच्या मागच्या बाईने सांगितलं की तिचं रक्त गोड आहे, तेव्हा तिची काच मधोमध ठेवा.

शनिवार, मुरबाडची बस

आमच्याकडे सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सूक्ष्मदर्शक. तो लाकडी पेटीत असतो, आणि शरदने त्याला बसमध्ये खिडकीशेजारची जागा दिली होती. कंडक्टरने पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात जिवंत काय हाय का?"

नाही, असं शरद म्हणाला.

"मंग वर टपावर. जिवंत असता तर अर्ध्या तिकिटावर आत बसला असता."

पुढच्या बाकावर एका टोपलीत दोन कोंबड्या होत्या. त्यांचं तिकीट काढलेलं होतं आणि त्या आमच्याकडे तशाच नजरेने पाहत होत्या. शरद कंडक्टरला भिंगांविषयी समजावू लागला: एक धक्का बसला तर ती निकामी होतात आणि नवी मागवायला वर्ष लागतं. कंडक्टरने शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम पुन्हा सांगितला. शेवटी तडजोड झाली. पेटी मांडीवर घेतली तर ती सामान नाही, असं कंडक्टरने ठरवलं. मुरबाडपर्यंत शरद तिला तान्ह्या मुलासारखी घेऊन बसला, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात आपोआप तिच्या डोक्यावर जायचा.

रविवार, टोकावड्याच्या वरची वाडी

टोकावड्याला उतरून दीड तास चढ. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालेलं, आणि वर काळे सरळ कडे. असे कडे आपल्याकडे कोणी फिरायला जाण्यासाठी वापरत नाही. लाकडं आणि मध आणायला मात्र रोज जातात.

वाडीत चौदा घरं होती. कुडाच्या भिंती इतक्या सुरेख सारवलेल्या की मला माझ्या दिवाणखान्याची लाज वाटली. सोमीच्या अंगणात आम्ही बसलो. सोमी असेल एकोणीस-वीस वर्षांची. डोळे खोल गेलेले, खांद्यावर चार महिन्यांचं बाळ. तिची सासू ठमाबाई बडबडी आणि हजरजबाबी. वाडीतले सगळ्यात वयस्क गोमाबाबा कधीकाळचे नावाजलेले शिकारी. ते बोलत कमी, पण त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय कोणी काही ठरवत नसे.

शरदने सोमीचं रक्त घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. जंतू होते, भरपूर होते. त्याने सगळ्यांना पाळीपाळीने पाहू दिलं. तांबड्या पेशीत हा जंतू खडा बसवलेल्या अंगठीसारखा दिसतो. ठमाबाईने डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि आपल्या मुलाकडे वळून म्हणाली, "बघ रे, सोमीच्या रगतात एवढ्या अंगठ्या, आन बोटात एक नाय." मुलगा उठून गुरं बघायला गेला.

मग शरदने वही काढली. गोळ्या खाल्ल्या का? खाल्ल्या, ठमाबाई म्हणाली. दहाच्या दहा? दहाच्या दहा, एक नाही ठेवली. दुसऱ्या वेळच्याही? त्याही. शरदने ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग त्याने सांगितलं की आता सोमीला मुंबईला इस्पितळात न्यायला हवं. तिथे महिनाभर ठेवून रक्त रोज तपासता येईल.

सोमीने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आन भात कोण कापील?" तिने शरदला विचारलं. "तुमी?"

सगळे हसले, पण ती हसली नव्हती. आठवड्याभरात कापणीला हात घालायचा होता. नाहीतर दाणा शेतातच झडतो. नवरा एकटा किती कापणार? आणि मुंबईला गेलेलं माणूस लवकर परत येत नाही, हे तिथे प्रत्येक घराला ठाऊक होतं. शरदला हे सगळं दिसत होतं, पण त्याला त्या अंगठ्याही दिसत होत्या. मी त्याला इंग्रजीत म्हटलं, दोन दिवस थांब. तो इंग्रजीत म्हणाला, थांबून काय होणार?

विषय बदलावा म्हणून मी पिशवीतून डिंकाचा लाडू काढला. बाळंतिणीला द्यायचे म्हणून घरून चारच आणले होते, चांगले मोठे वळलेले. एक सोमीच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, हा तू खा. तिने तो सासूला दिला. सासूने शेजारच्या घराकडे पाहून हाक मारली. गोमाबाबांनी कोयता पुसला, सागाचं पान मांडलं आणि लाडू कापायला घेतला. बहुतेक घरांतून कोणीतरी आलं. ज्या घरात कोणी नव्हतं त्यांचा तुकडा पानावर बाजूला राहिला. मलाही एक मिळाला, हरभऱ्याएवढा. शरदलाही मिळाला. आपल्या घरी लाडवांचा डबा वरच्या फळीवर, माझ्या जुन्या लुगड्यांच्या मागे असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो तिथे का असतो हेही ठाऊक आहे.

मी तो तुकडा चघळत होते. चघळता चघळता माझी नजर शरदच्या औषधाच्या बाटलीवर गेली आणि माझं चघळणं थांबलं.

"ठमाबाई," मी विचारलं, "त्या गोळ्या कोणी खाल्ल्या?"

"आमी," ठमाबाई म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

तिने हात गोल फिरवून सगळी वाडी दाखवली. मग गोमाबाबांनी, मूल अगदीच भोळं आहे असं समजून समजवावं तसं, सावकाश सांगितलं. "गोल्या दहा, घरां चौदा. कशा बसायच्या? मंग उखलात कुटल्या, गूल घातला. चौदा घरांचे चौदा वाटे. सोमी आजारी, म्हनून तिला एक वाटा वर. आन एक वाघोबाला."

वाघोबा म्हणजे वेशीवरचा देव. शेंदूर लावलेल्या लाकडावर कोरलेला वाघ आहे. या पावसाळ्यात त्याला काही मलेरिया झाला नाही, एवढं खात्रीने सांगता येईल.

शरद सूक्ष्मदर्शकाच्या रिकाम्या पेटीवर बसला. मग म्हणाला, "मावशी, मी दोनदा विचारलं होतं, सगळ्या संपल्या का म्हणून."

"आणि त्या संपल्या होत्या," मी म्हटलं.

कोणी एक शब्द खोटं बोललं नव्हतं. बाहेरून जे येईल, मग तो ससा असो की मासा की लाडू, त्याचे वाटे घालायचे, ही त्यांची रीत. आमची रीत अशी की औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी लावायची आणि ती एकट्या आजाऱ्याने संपवायची. नंदूने एकदा चित्राचं अर्धं टॉनिक पिऊन टाकलं होतं, तेव्हा मी त्याला कोपऱ्यात उभं केलं होतं. वाडीत असता तर त्याला कोणी कोपऱ्यात उभं केलं नसतं. कदाचित कौतुकही झालं असतं.

शरद समजावू लागला. थोडं थोडं औषध मिळालं की जंतू मरत नाही, उलट तयार होतो; पुढच्या वेळी त्याला ते बाधत नाही. इंग्रजी शब्द टाळण्याच्या धडपडीत तो अधिकाधिक अवघड मराठी बोलू लागला, आणि लोक त्याच्याकडे दयेने पाहत राहिले. मध्येच गोमाबाबांनी हात वर केला.

"म्हन्जे रानडुकरासारखा. नीट लागला तर पडला. अर्धा लागला तर मानसावर येतो."

शरद म्हणाला, होय, अगदी तसंच.

"मंग असा सांगायचा ना आदी," गोमाबाबा म्हणाले. "तुमी खा, खा, एवढाच बोललेत. एकटीनाच खा, असा नाय बोललेत."

सोमवार ते बुधवार, तिथेच

आता सगळं सोपं झालं असं आम्हाला वाटलं. मी तीन दिवस तिथे राहायचं, सोमीला समोर बसवून दहा गोळ्या द्यायच्या, आणि पुढच्या सोमवारी शरदने रक्त पाहायचं. अंगठ्या दिसल्या तर मुंबई, नाही दिसल्या तर भातकापणी. हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं.

सोमवारी सकाळी मी चार गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन सोमीसमोर बसले. अंगणात नेहमीप्रमाणे सगळे जमले होते. सोमीने गोळ्या हातात घेतल्या आणि मान खाली घातली. मी दोनदा सांगितलं. तिने मान आणखी खाली घातली. ठमाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लाज वाटते गो तिला. सगली बघतात, आन तिनं एकटीनं खायाचा?"

घरात नेऊन देऊ का, असं मी म्हटलं. तर ते त्याहून वाईट. लपून खाल्लं असं झालं असतं.

माझ्याजवळ शाळेतला चौतीस वर्षांचा अनुभव आहे, पण खाण्याची लाज वाटणारं मूल त्यात एकही नव्हतं. गोळ्या तिच्या मुठीत ओलसर होऊ लागल्या. तेवढ्यात गोमाबाबा म्हणाले की यात अडचण काय आहे? कडू आलंय ना? मग सगळ्यांना कडू द्या. तिच्या वाट्याला गोळ्या, आमच्या वाट्याला गुळवेल. गुळवेल झाडाझाडावर चढलेली होतीच. ठमाबाईने ती ठेचून मोठ्या भांड्यात उकळत ठेवली.

शरद घाबरला. सोमीच्या पोटात गुळवेल गेली तर ताप कशाने गेला ते त्याला कळणार नाही. मी सांगितलं, सोमीला गुळवेल नाहीच, आम्हालाच आहे. आम्हाला म्हणजे कोणाला, हे त्याने विचारायला नको होतं. चौदा घरांबरोबर आम्ही दोघे पाहुणेही त्यात आलो.

पण आधी कडवटपणा सारखा आहे की नाही ते ठरायला हवं होतं. गोमाबाबांनी एक गोळी मागून घेतली, जिभेच्या टोकाला लावली, डोळे मिटले. मग काढ्याचा घोट घेतला, डोळे मिटले. पुन्हा गोळी. सगळी वाडी निकालाची वाट पाहत होती. "काढ्याला आजून उकलवा," ते म्हणाले.

आणखी अर्धा तास उकळला. मग सगळ्यांच्या हातात पानांचे द्रोण आले, आणि गोमाबाबांनी मान हलवताच एकदम प्यालो. नंदू, तू एरंडेल घेताना करतोस ते तोंड आठव, आणि तशी साठ तोंडं एका अंगणात आहेत असं समज. शरदने तर वही तोंडासमोर धरली. आमच्या मधोमध बसून सोमीने चारही गोळ्या एकामागून एक गिळल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच हसली. "माझाच कमी कडू," ती म्हणाली.

संध्याकाळी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी दोन. दर वेळी आमचाही काढा. बुधवारी तिला ताप नव्हता. शरद म्हणाला, ताप उतरण्यात काही नाही, तो मागेही उतरला होता. रक्त काय सांगतं ते पाहायचं.

मधले दिवस आम्ही आसपासच्या वाड्यांतून हिंडलो. प्रत्येक ठिकाणी मी स्टुलाच्या पायांखाली पाणी ठेवलं आणि गोळ्यांविषयी विचारताना 'कोणी खाल्ल्या' हे आधी विचारलं.

सोमवार, वाडी

सकाळी चांगलं ऊन होतं. सोमीची काच शरदने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पाहू लागला. पाहतच राहिला. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली, आरसा फिरवला. तासभर तो मान वर करेना. अंगठी सापडावी असं त्याला वाटतंय की सापडू नये असं, हे मला त्याच्या पाठीकडे पाहून कळेना. बहुतेक त्यालाही कळत नसावं. सोमी त्याच्यासमोर कोयतीला धार लावत बसली होती. दगडावर पातं घासल्याचा आवाज तासभर चालू होता.

शेवटी तो उठला. चष्मा पुसला. "मावशी," तो म्हणाला, "औषध चालतं." मग सोमीकडे वळून म्हणाला, "जा, भात काप."

तिने धार बोटाने तपासली, बाळ सासूकडे दिलं आणि खरोखरच गेली. आभार वगैरे मानायला थांबली नाही. ठमाबाईने तेवढ्यात डोळा लावून पाहिलं आणि कुरकुरली की अंगठ्या होत्या त्याही गेल्या, आता मुलाला बोटातलीच घ्यायला लागेल.

शरदची पहिली नोंद बुडाली. संध्याकाळी मी त्याला वाईट वाटलं का ते विचारलं. तो म्हणाला, थोडं वाटलं, मग नाही वाटलं. ती गवताची काडी शोधायचीच आहे. हा जंतू आज ना उद्या इकडेही तयार होईल. पण तोवर हातात असलेलं औषध नीट पोचवलं तर शोधायला वेळ मिळेल.

मंगळवार, परतीची बस

निघायच्या आधी पहाटेच कोणीतरी ओढ्यातले खेकडे धरून आणले होते आणि अर्थातच वाटे घातले. आम्हाला एकेक मिळाला. मग गोमाबाबांनी एक जादा खेकडा पानात गुंडाळून, वेलाने बांधून सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर ठेवला. शिकारीला गेलेल्या कुत्र्यालाही वाटा असतो, ते म्हणाले. जनावर शोधलं ते यानंच. शरद नको म्हणणार होता, मी त्याचा दंड दाबला. आमचे दोन मी ठमाबाईला देऊन टाकले, पण तो परत करता येईना. त्यांच्या रीतीने तो आमचा नव्हताच, सूक्ष्मदर्शकाचा होता.

बस टोकावड्याहून सुटली. वाडीची काही शेतं खाली आहेत; वळणावर सोमीचं खाचर रस्त्यालगत होतं. ती कापत होती, मागे पेंढ्यांची ओळ पडत चालली होती. बसचा आवाज ऐकून सरळ झाली, कपाळावर हात धरून पाहिलं. मी खिडकीतून हात बाहेर काढेपर्यंत ती पुन्हा वाकली होती.

मुरबाडला बस बदलली, तर कंडक्टर तोच. तो शरदच्या मांडीवरच्या पेटीकडे पाहून हसला, पुढे गेला, आणि थांबला. पेटीवरचं पान हलत होतं. मग त्यातून एक नांगी बाहेर आली आणि शरदच्या शर्टाचं बटण धरून बसली.

"ह्यात जिवंत हाय," कंडक्टर म्हणाला.

शरदने काही वाद न घालता अर्धं तिकीट काढलं. ते या पत्राला चिकटवलं आहे. सूक्ष्मदर्शकाचं तिकीट बहुधा जगात एवढं एकच असेल, म्हणून सांभाळून ठेवा. एक आठवडा नंदूकडे, एक आठवडा चित्राकडे, असं ठेवावं. वाटे घालायचे नाहीत.